रुबायांचा कवी आणि कोळ्यांचे शब्द

उमर खय्याम हे नाव ज्याला ठाऊक नाही असा काव्यप्रेमी मराठी वाचक विरळाच. कविवर्य माधव जूलियन यांनी खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. त्यांतील ‘द्राक्षकन्या’ (१९३१) हे पुस्तक मूळ फारसीवरून नव्हे, तर एका इंग्रज कवीच्या रूपांतरावरून केलेले आहे. तो इंग्रज कवी म्हणजे एडवर्ड फिट्झजेराल्ड. जगाने त्याला रुबायांमुळेच ओळखले आणि आजही तो तेवढ्यासाठीच ओळखला जातो. परंतु या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात आणखी एक काम केले. आपल्या गावाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन, निरक्षर कोळ्यांच्या सोबतीत बसून, त्याने त्यांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवले. हे काम छापील पानांत मोजले तर अगदी थोडे आहे. पण मला ते फार मोलाचे वाटते. का, ते सांगण्यासाठी त्याचे चरित्र थोडक्यात मांडतो.

फिट्झजेराल्डचा जन्म ३१ मार्च १८०९ रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक परगण्यात, वुडब्रिज गावाजवळच्या ब्रेडफील्ड येथे झाला. त्याचे मूळ आडनाव पर्सेल. आईच्या माहेरची मालमत्ता अफाट होती. आजोबा १८१८ साली वारले तेव्हा साऱ्या कुटुंबाने आईचे माहेरचे आडनाव घेतले आणि एडवर्ड पर्सेलचा एडवर्ड फिट्झजेराल्ड झाला. आईचा थाट राणीसारखा होता. चार काळ्या घोड्यांच्या गाडीतून ती फिरे. मुलाला मात्र या डामडौलाचा लहानपणापासूनच कंटाळा आला असावा, कारण पुढे जन्मभर तो दिखाऊपणापासून दूर पळत राहिला.

बरी सेंट एडमंड्स येथील शाळेतून तो १८२६ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला आणि १८३० साली पदवी घेऊन बाहेर पडला. थॅकरेसारखा पुढे नामांकित कादंबरीकार झालेला विद्यार्थी त्याला तिथे मित्र म्हणून लाभला. टेनिसन आणि कार्लाइल यांच्याशीही पुढे त्याचा घनिष्ठ स्नेह जमला. हे मित्र कीर्तीच्या शिखरावर चढत असताना हा गृहस्थ मात्र गावी परतला. नोकरी करण्याची गरज नव्हती आणि इच्छाही नव्हती. आईवडिलांच्या मोठ्या वाड्यात राहण्याऐवजी १८३७ पासून त्याने बूल्ज येथे वाड्याच्या फाटकाजवळच्या गवती छपराच्या झोपडीवजा घरात बिऱ्हाड केले. जेवण साधे, बहुधा पाव आणि फळे. अंगावर जुनी शाल, डोक्यावरची उंच टोपी वाऱ्याने उडू नये म्हणून रुमालाने बांधलेली. गावकरी त्याला चक्रम समजत.

त्याच परिसरात ग्रेट बीलिंग्ज या गावी मेजर एडवर्ड मूर नावाचे वृद्ध गृहस्थ राहत. आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा संबंध होता, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द सांगणे योग्य होईल. मूर वयाच्या अकराव्या वर्षी कंपनी सरकारच्या लष्करी चाकरीत हिंदुस्थानाकडे निघाला. टिपूविरुद्धच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजेबरोबर कॅप्टन लिटलची जी पलटण होती, तीत तो होता. त्या मोहिमेची हकिकत त्याने १७९४ साली प्रसिद्ध केली. पुढे मुंबईत त्याने मोठी नोकरी केली, चिंचवडच्या देवांविषयी लिहिले आणि १८१० साली हिंदू देवदेवतांवर ‘हिंदू पँथिऑन’ हा ग्रंथ काढला. मायदेशी परतल्यावर या माणसाने काय करावे? आपल्या सफोकच्या खेडवळ बोलीचे शब्द जमवून १८२३ साली त्यांचा कोश छापला! परमुलखातील देवांची विचारपूस करणाऱ्याला आपल्या शेतमजुराचा शब्दही तितकाच विचारपूस करण्याजोगा वाटला. फिट्झजेराल्ड लहानपणापासून या मेजरला ओळखत होता. बोलीतील शब्द वेचणे हे विद्वानाला न शोभणारे काम नाही, हा संस्कार त्याला घराशेजारीच मिळाला.

आता त्या प्रसिद्ध रुबायांकडे वळू. एडवर्ड कॉवेल हा वयाने पुष्कळ लहान असलेला मित्र फिट्झजेराल्डचा भाषागुरू बनला. त्याच्याकडून तो चाळिशीनंतर फारसी शिकला. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात कॉवेलला खय्यामचे एक हस्तलिखित सापडले, त्याची नक्कल त्याने मित्राला दिली. १८५६ साली कॉवेल कलकत्त्याला प्राध्यापक म्हणून गेला. तेथूनही त्याने एशियाटिक सोसायटीतील दुसऱ्या हस्तलिखिताची नक्कल धाडली. या दोहोंवरून फिट्झजेराल्डने पंचाहत्तर चौपद्या रचल्या. १८५९ साली लंडनच्या क्वॉरिच या पुस्तकविक्रेत्यामार्फत त्याने स्वखर्चाने २५० प्रती काढल्या. पुस्तकावर स्वतःचे नावसुद्धा घातले नाही. किंमत एक शिलिंग, पण घेणारा कोणी नाही. शेवटी त्या प्रती दुकानाबाहेरच्या एका पेनीच्या पेटीत जाऊन पडल्या. १८६१ साली त्यांतली एक कवी रोझेटीच्या हाती लागली आणि मग हळूहळू तिचा बोलबाला झाला. दुसरी आवृत्ती निघायला १८६८ साल उजाडले.

मधल्या काळात त्याचे खासगी आयुष्य मात्र उद्ध्वस्त झाले होते. बर्नार्ड बार्टन या कविमित्राच्या निधनानंतर त्याच्या मुलीला आधार द्यावा या भावनेने त्याने १८५६ साली तिच्याशी लग्न केले. दोघांचे स्वभाव दोन टोकांचे, त्यामुळे काही महिन्यांतच दोघे विभक्त झाले. १८५९ साली, रुबाया निघाल्या त्याच वर्षी, त्याचा जिवलग मित्र ब्राऊन घोड्यावरून पडून दगावला. एकटा पडलेला हा पन्नाशीचा माणूस वुडब्रिजच्या बाजारात बंदुका विकणाऱ्याच्या दुकानावरील खोल्यांत राहू लागला, आणि समुद्राकडे वळला.

वुडब्रिज हे डेबन नदीच्या काठी आहे. नदीने खाली गेले की उत्तर समुद्र लागतो. फिट्झजेराल्डने १८६३ साली एक शिडाची नौका बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘स्कँडल’, म्हणजे लोकापवाद. आपल्या गावात भरपूर पिकणारा माल तोच, असे तो थट्टेने म्हणे. उन्हाळाभर तो नौकेवर राही. शरद ऋतूत हेरिंग माशांचा हंगाम सुरू झाला की तो लोवेस्टॉफ्ट बंदरात मुक्काम टाकी. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. तिथे १८६४ च्या सुमारास त्याला जोसेफ फ्लेचर नावाचा तरुण कोळी भेटला. सगळे त्याला पॉश म्हणत. उंच, धिप्पाड, निळ्या डोळ्यांचा हा गडी फिट्झजेराल्डला इतका आवडला, की थॅकरे व टेनिसन यांच्या जोडीला तो पॉशलाही आपण पाहिलेल्या थोर माणसांत गणू लागला. १८६७ साली त्याने पॉशबरोबर भागीदारीत हेरिंग धरण्याची मोठी शिडाची बोट बांधली. तिला लॅटिन नाव दिले, ‘मीअम अँड ट्यूअम’, म्हणजे माझे आणि तुझे. कोळ्यांच्या जिभेवर ते नाव टिकेना. त्यांनी त्याचे ‘मम अँड टम’ करून टाकले. ज्या माणसाला बोलीचा छंद, त्याच्याच बोटीचे नाव बोलीने असे आपल्या मापाला बेतून घेतले!

या सहवासातून ते शब्दांचे काम उभे राहिले. मूरचा सफोकचा कोश होता, फॉर्बी नावाच्या पाद्र्याचा पूर्व इंग्लंडच्या बोलीचा कोशही १८३० साली निघाला होता. परंतु त्या दोहोंत प्रामुख्याने शेत, गोठा, घर आणि वेशीवरच्या गप्पा यांतले शब्द. समुद्रावरचा माणूस त्यांत क्वचितच बोलतो. ही उणीव फिट्झजेराल्डने भरून काढली. त्याने जमवलेले सफोक किनाऱ्यावरचे सागरी शब्द व वाक्प्रचार ‘ईस्ट अँग्लियन’ या स्थानिक नियतकालिकात १८६९ व १८७० साली प्रसिद्ध झाले.

त्याची पद्धत साधी होती. त्याने कोळ्यांपुढे प्रश्नपत्रिका धरली नाही. धक्क्यावर फिरताना, नौकेच्या खोलीत तंबाखू ओढताना जे कानी पडे, ते तो लक्षात ठेवी. नुसता शब्द आणि त्यापुढे अर्थ असे मांडून तो थांबत नसे. तो शब्द कोणत्या वाक्यात आला, कोणत्या हवेत आला, हेही सांगे. उदाहरणार्थ, ‘बार्क’ या शब्दाचा पुस्तकी अर्थ कुत्र्याचे भुंकणे. परंतु तिकडचे खलाशी म्हणत की किनाऱ्यावरच्या लाटा उत्तरेकडून भुंकत आहेत. त्यावरून त्या दिशेने वारा येणार हे ते ओळखत. दुसरा शब्द ‘ब्रसल’. पाणी कापीत सळसळत, खळबळ उडवीत बोट निघाली की ती ‘ब्रसल’ करते. धांदल आणि सळसळ या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द त्यात एक झाले आहेत. एका रात्री किनाऱ्यापासून आत समुद्राचा आवाज ऐकू येत होता. बरोबरचा खलाशी म्हणाला की गेलेल्या वाऱ्यासाठी समुद्र आक्रोश करीत आहे. जमिनीवरच्या माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच, की वारा पडला म्हणून लाटांचा आवाज ऐकू आला. फिट्झजेराल्डने दोन्ही अर्थ नोंदवले. पण ज्याचे पोट समुद्रावर आहे तो माणूस असे काव्यमय शब्द सहज वापरतो, हेही त्याने ओळखले.

हे वाचताना मला आमच्या घरातला एक शब्द आठवला, ‘गाज’. मी कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमार कुटुंबातला आहे आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आमचे आजोबा रापणीत होते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या गाज कोणत्या अंगाने येते ते ऐकून ते उद्याच्या हवेचा अंदाज बांधीत. हाच अंदाज सफोकचा खलाशी ‘बार्क’ या शब्दाने बांधीत होता, हे मला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजाकडून कळावे, ही मौजेची गोष्ट आहे. दोन किनाऱ्यांत हजारो मैलांचे अंतर, पण कानाला लावलेली शिस्त एकच.

मौज एवढ्यावर संपत नाही. प्रथम वर्षात असताना एका तासाला भरती-ओहोटीचा विषय निघाला. मी उत्साहाने सांगितले, की अष्टमीच्या सुमारास भांग असते तेव्हा पाणी फारसे चढत नाही. सगळा वर्ग खो खो हसला. त्यांच्या लेखी भांग म्हणजे एक तर केसांतला, नाही तर शिवरात्रीला प्यायचा. उधाणाच्या उलट, कमी चढउताराच्या भरतीला आमच्या किनाऱ्यावर भांग म्हणतात, हे कुणाच्या गावीही नव्हते. त्यानंतर कित्येक महिने मी वर्गात तोंड उघडताना शब्द निवडून वापरू लागलो. आपले शब्द चुकीचे आहेत असे मला कोणी सांगितले नव्हते. मीच तसे मानून घेतले. बोली मरते ती अशीच. तिच्यावर बंदी घालावी लागत नाही, बोलणाऱ्याला लाज वाटली की पुरे. केंब्रिजचा पदवीधर, टेनिसनचा मित्र जेव्हा कोळ्याच्या शब्दापुढे टोपी काढतो, तेव्हा ती लाज थोडी तरी उतरते. फिट्झजेराल्डचे हे काम मला मोलाचे वाटते ते यासाठी.

परंतु चरित्र लिहिताना केवळ गुणगान करून चालणार नाही. पॉशशी त्याची मैत्री टिकली नाही. पॉश पिणारा होता, हिशेब ठेवणे त्याला जमत नसे. फिट्झजेराल्ड पत्रांवर पत्रे लिहून त्याला दारू सोडण्याची वचने मागे, जमाखर्च मागे. शेवटी कंटाळून त्याने भागीदारी मोडली आणि पुढे बोटीचा व्यवहारही संपला. यात चूक कोणाची? मी कोळ्याचा नातू आहे, तेव्हा मला पॉशच्या बाजूनेही पाहावेसे वाटते. एकाचे पोट आईच्या इस्टेटीवर भरत होते, दुसऱ्याचे जाळ्यात काय लागेल त्यावर. ‘माझे आणि तुझे’ हे नाव कितीही सुंदर असले, तरी बोटीत पैसा एकाचा आणि जीव दुसऱ्याचा होता. फिट्झजेराल्डला पॉशमध्ये जुन्या काळचा वीरपुरुष दिसत होता. खऱ्या पॉशला मात्र बायकामुले होती, मंदीचे हंगाम होते, थंडीवाऱ्यात रात्र काढल्यावर लागणारा घोट होता. शब्द टिपणे सोपे आणि शब्द बोलणारा माणूस समजून घेणे कठीण, असे या कथेवरून वाटते. पुढे १९०८ साली जेम्स ब्लाइथ नावाच्या लेखकाने म्हाताऱ्या पॉशला भेटून या दोघांवर एक पुस्तक लिहिले. पॉशची बाजू जगापुढे आली ती अशी, दुसऱ्याच्या लेखणीतून.

तरीही शब्दांचे काम वाया गेले नाही. १८७३ साली प्राध्यापक स्कीट यांच्या पुढाकाराने इंग्लंडात बोलीभाषांच्या अभ्यासासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि गावोगावच्या शब्दसंग्रहांना एकत्र येण्याची वाट मिळाली. त्या साऱ्या खटपटीचे फळ म्हणजे जोसेफ राइट याने १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत काढलेला इंग्रजी बोलींचा महाकोश. हा राइट लहानपणी गिरणीत राबणारा पोर होता, वाचायला शिकला तो पंधराव्या वर्षी, आणि पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला. धनिकाच्या हौसेने आणि गिरणीकामगाराच्या जिद्दीने एकाच कामाला हात लावला, हे विसरता कामा नये. आणि काम वेळेवर झाले म्हणूनच साधले. शतक संपता संपता लोवेस्टॉफ्टला वाफेच्या मासेमारी बोटी आल्या. शीड गेले, शिडाबरोबर शिडाचे शब्दही गेले. आज तिथे ते हेरिंगचे शिडाचे तांडे नाहीत.

उतारवयात फिट्झजेराल्डची दृष्टी अधू झाली. संध्याकाळी वाचून दाखवायला तो गावातली मुले पैसे देऊन ठेवी. उन्हाळ्यात कधी तो डनिच येथे जाऊन राही. डनिच हे एके काळचे भरभराटीचे बंदर. शतकानुशतके समुद्राने त्याची घरे, रस्ते, देवळे एकेक करून गिळली, आणि त्याच्या वेळी एका पडक्या चर्चचे अवशेष कड्याच्या टोकावर उभे होते. १४ जून १८८३ रोजी नॉरफोकमधील मर्टन या गावी, एका मित्राच्या घरी पाहुणा असताना झोपेतच त्याला मृत्यू आला. बूल्जच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. दहा वर्षांनी, १८९३ साली, निशापूर येथील खय्यामच्या कबरीवरच्या गुलाबापासून वाढवलेले रोप त्याच्या कबरीवर लावण्यात आले. रुबायांच्या कवीचा तो यथोचित सन्मान झाला. कोळ्यांच्या शब्दांसाठी मात्र कोणी काही लावले नाही.

मित्रहो, आपल्या महाविद्यालयात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण खेड्यापाड्यांतून येतात. कोणाचे आजोबा तांडेल, कोणाची आजी भातशेतीत राबलेली, कोणाचे वडील सुतार. त्यांच्या तोंडी असलेले पुष्कळसे शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत, आणि पुढच्या पिढीच्या तोंडीही असणार नाहीत. आमच्या गावात आता ट्रॉलर आले आहेत, हवामान मोबाइलवर कळते, गाज ऐकायला कोणी थांबत नाही. कोश रचणे हे विद्वानांचे काम असेल, पण वही आणि पेन्सिल आपल्याही जवळ आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून दहा शब्द तरी लिहून घ्या. नुसता अर्थ लिहू नका. तो शब्द कोण, केव्हा, कशासाठी बोलते, ते पूर्ण वाक्यासह लिहा. आणि शब्दाच्या शेजारी बोलणाऱ्याचे नावही लिहा. फिट्झजेराल्डने आपल्या पुस्तकावर स्वतःचे नाव घातले नाही, तो त्याचा मोठेपणा. पण पॉशसारख्यांचे नाव राहून जाऊ नये, एवढे आपण करू शकतो.